चौथ्या मजल्यावरचा ‘र’

इंग्रज लोक ‘कार’मधला ‘र’ गिळतात, अमेरिकी लोक तो ठासून उच्चारतात. मग मुलांना बरोबर म्हणून शिकवायचं काय, असं एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे. भाषाविज्ञानातला माझा सर्वांत आवडता प्रयोग नेमका याच ‘र’वर झाला आहे.

शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्येही हा ‘र’ उच्चारला जात असे. म्हणूनच तो स्पेलिंगमध्ये टिकून आहे. पुढे दक्षिण इंग्लंडात स्वरानंतरचा ‘र’ सैल होत गेला. लंडनमध्ये तो कधी कधी पार बुडतो, अशी नोंद जॉन वॉकरने १७९१च्या आपल्या उच्चारकोशात केली आहे. ज्याला आपण अस्सल इंग्रजी उच्चार समजतो, ती त्या काळात लंडनची नवी चाल होती! बोस्टन, न्यूयॉर्क यांसारख्या बंदरांची लंडनशी सतत ये-जा असे. तिथल्या प्रतिष्ठितांनीही ‘र’ सोडला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं १९३३चं शपथविधीचं भाषण ऐकून पाहा. शब्दांच्या शेवटचा ‘र’ सहसा ऐकूच येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वारं फिरलं आणि न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारणं हे मोठेपणाचं लक्षण होऊ लागलं.

हे सिद्ध कसं करायचं? समोर टेपरेकॉर्डर ठेवला की माणूस जपून बोलतो आणि रोजचा उच्चार हाती लागत नाही. विल्यम लबॉव्ह यांनी त्यावर सुरेख तोड काढली. पूर्वी ते शाईच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६२च्या नोव्हेंबरात, कोलंबिया विद्यापीठात संशोधन करत असताना, त्यांनी न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं निवडली: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गीयांचं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून ठेवायचं आणि ती वस्तू कुठे आहे, असं विक्रेत्याला विचारायचं. उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोअर’. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, की विक्रेता तेच शब्द सावकाश, नीट उच्चारून सांगायचा. एकदा व्यंजनाआधीचा ‘र’, एकदा शब्दाच्या शेवटचा. एकदा सहज, एकदा जपून. मग नजरेआड जाऊन वहीत नोंद करायची. प्रत्यक्ष चौथ्या मजल्यावर असतील तर हा मजला कितवा, एवढंच विचारायचं! अशा २६४ जणांची बोली त्यांना कळूही न देता टिपली गेली. प्रयोगाचं सगळं साहित्य काय, तर एक प्रश्न आणि एक वही.

चारपैकी एकदा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के निघाले, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २०. हे सगळे दुकानांतले कर्मचारीच होते, गिऱ्हाइकं नव्हेत. ज्यांची सेवा करायची त्यांची बोली कर्मचाऱ्यांच्या जिभेवर चढली होती. सॅक्समध्येसुद्धा गर्दीच्या तळमजल्यापेक्षा वरच्या ऐसपैस मजल्यांवर ‘र’ जास्त ऐकू आला. मला सर्वांत बोलका वाटतो तो मेसीजचा आकडा. दुसऱ्यांदा, जपून म्हटलेल्या ‘फ्लोअर’मध्ये मेसीजचे विक्रेते जवळजवळ सॅक्सच्या बरोबरीला पोचले. वर चढण्याची आस सहसा मधल्या पायरीवरच्या माणसाला असते, आणि इथे ती एका व्यंजनात मोजता आली.

१९८६मध्ये जॉय फाउलर यांनी हाच प्रयोग न्यूयॉर्कमध्ये पुन्हा केला. क्लाइन तोवर बंद पडलं होतं, म्हणून त्याच्या जागी दुसरं स्वस्त दुकान घेतलं. ‘र’ सगळीकडेच वाढला होता, पण दुकानांची उतरंड तशीच होती.

आता इंग्लंडकडे वळा. नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेटमधल्या शेतकऱ्याच्या तोंडी हाच ‘र’ खेडवळ ठरतो. आणि ‘र’ न उच्चारणारे सुशिक्षित इंग्रज ‘लॉ अँड ऑर्डर’चं बोलताना ‘लॉर अँड ऑर्डर’ करतात. जिथे तो कधी नव्हताच तिथे घुसवतात. तोंडाच्या रचनेत, जिभेच्या हालचालीत ‘र’ला श्रेष्ठ किंवा हलकं ठरवणारं काहीही नाही. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या आपल्या समाजाला हे नव्यानं सांगायला नको.

तेव्हा बाई, मुलांना ‘कार’चा ‘र’ खुशाल उच्चारू द्या. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका तेच करते. पालकांना मात्र एक विनंती: ‘शुद्ध इंग्रजी उच्चारां’च्या वर्गाची फी भरण्याआधी तिथल्या शिक्षकांना जरूर विचारा, की तुम्ही शिकवणार तो उच्चार कुठल्या शहराचा, कुठल्या वर्गाचा आणि कुठल्या दशकातला आहे?