अशोकवृक्ष : खरा आणि नावाचा

तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत पहिला मान अशोकवृक्षाचा. भक्तामर स्तोत्राच्या २८व्या श्लोकात त्याचे वर्णन येते. भगवान महावीरांनी दीक्षा घेतली तीही अशोकाच्याच छायेत, असे कल्पसूत्र सांगते.

हा वृक्ष म्हणजे सोसायटीच्या कुंपणालगतचा सरळसोट अशोक नव्हे. तो आसोपालव, सीताफळाच्या कुळातला, नागमोडी कडांच्या पानांचा, हिरवट फुलांचा. खरा सीता-अशोक डेरेदार असतो. त्याच्या एकेका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस व लोंबती. वसंतात येणारे फुलांचे गुच्छ आधी नारिंगी, मग लाल होतात.

आयुर्वेदात त्याची साल तुरट व शीत मानली असून स्त्रियांच्या रक्तप्रदरावर ती प्रामुख्याने योजिली जाते. चक्रदत्तात तिचा क्षीरपाक सांगितला आहे. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टात सालीचा काढा गूळ व धायटीची फुले घालून आंबवितात. त्यामुळे त्यात मद्यांश आपोआप उत्पन्न होतो. मद्यत्यागाचे व्रत असलेल्यांनी वैद्यांना तसे आधीच सांगावे. दुधातील क्षीरपाकाचा पर्याय त्यांना विचारता येतो. मात्र अतिरक्तस्रावाची कारणे अनेक असतात. तपासणी करून घेतल्याशिवाय कोणतेही औषध सुरू करू नये.

आज या सालीला मागणी फार आणि झाडे थोडी. खोडाभोवती साल पूर्ण सोलली की झाड वाळते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा वृक्ष संकटप्रवण म्हणून नोंदलेला आहे. मग बाजारात आसोपालवाची साल अशोकाच्या नावाने खपते. भुकटी झाल्यावर नुसत्या नजरेने भेद कळत नाही, आणि आजारी स्त्री मात्र विश्वासाने पैसे मोजते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अस्सल मालात नकली माल मिसळून विकणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा त्यांतलाच एक. वनौषधींचा व्यापार करणाऱ्या श्रावकाने खरेदीच्या पावतीवर ‘सराका असोका’ हे शास्त्रीय नाव आणि सोबत प्रयोगशाळेचा दाखला मागावा. थोडा खर्च वाढेल, पण व्रत राखले जाईल. आणि ज्या मंदिराच्या आवारात जागा असेल, तेथे येत्या पावसाळ्यात खऱ्या अशोकाचे एक रोप लावावे.