धानाचा जिल्हा आणि आमची वही

दीपावलीस आपण वहीपूजन करतो, त्या सुमारास वैनगंगेच्या खोऱ्यात हलके धान कापणीस आलेले असते आणि भारी धान अद्याप बांधीत उभे असते. हा योग केवळ पंचांगाचा नव्हे. बालाघाटातील कोणाही कापडवाल्याची, किराणा व्यापाऱ्याची अथवा सराफाची जुनी वही उघडून पाहावी. आषाढापासून उधारीची पाने भरत जातात आणि मार्गशीर्ष-पौषात ती जमेस येतात. दुकानावर पाटी कोणतीही असो, आपण सर्वच धानाचे व्यापारी आहोत.

1867 मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा निर्माण झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. मध्ये सीमारेषा आली खरी. परंतु पऱ्हे, रोवणी आणि मळणी दोहींकडे पूर्वीसारखीच चालली. उत्तरेस बैहरचे पठार, तेथील अरण्ये आणि गोंड-बैगा बांधवांची कोदो-कुटकी. दक्षिणेस वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी हा सखल धानपट्टा. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे यांची कीर्ती मोठी आहे. तथापि पावसाने ऐन रोवणीत दगा दिला तर खाणी चालू असूनही आपला बाजार ओस पडतो, हे कोणास सांगावयास नको.

एकाच पिकावर विसंबलेल्या प्रदेशाचे काय होते, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांस क्षणभर पश्चिम आफ्रिकेत नेऊ इच्छितो. घाना देश 1957 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या निर्यातीचे निम्म्याहून अधिक उत्पन्न कोकोचे होते. पिकविणारे लहान शेतकरी. खरेदी करणारे सरकारी मंडळ, 1947 पासूनचे. 1965 च्या सुमारास जगात कोकोचा भाव कोसळला आणि नव्या राष्ट्राच्या साऱ्या योजना अडखळल्या. याच्या उलट 2024 मध्ये भाव टनास दहा हजार डॉलरांवर चढला. पण माल आधीच सौद्यात विकला गेलेला आणि शेतकऱ्याचा दर मंडळाने ठरविलेला, म्हणून त्या तेजीचा अल्पच अंश त्याच्या हाती आला. पुष्कळ कोको चोरवाटांनी शेजारच्या देशांत गेला. पडत्या भावाचा भार शेतकऱ्यावर आणि चढत्याचा लाभ दुसऱ्यास, हा हिशेब आपल्याही ओळखीचा नाही काय?

त्या भूमीशी आपला संबंध केवळ उपमेचा नाही. सेनेगलमध्ये तांदळाची कणी आवडीने खाल्ली जाते, आणि बेनिनसारखे देश भारताचा तांदूळ मोठ्या प्रमाणावर घेतात. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या सरकारने कणीची निर्यात बंद केली. जुलै 2023 मध्ये बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाची बंद झाली, आणि पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर वीस टक्के कर बसला. 2024 च्या उत्तरार्धात पांढरा व उकडा तांदूळ मोकळे झाले. कणीला मात्र मार्च 2025 पर्यंत थांबावे लागले. घरच्या ग्राहकासाठी हे आवश्यक होते असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु ज्या प्रदेशाकडे धानाखेरीज विकण्याजोगे थोडेच आहे, त्याचे भवितव्य असे दूरच्या बंदरावर टांगलेले असते.

आधारभूत किमतीने मोठा धीर दिला आहे. 2025-26 साठी साधारण धानास क्विंटलमागे 2369 रुपये आणि 'अ' श्रेणीस 2389 रुपये ठरले. पण या दोन दरांत सुगंधाला किंमत नाही. आणि येथेच आपल्या चिन्नोरचे दुखणे आहे.

चिन्नोर भारी धान. सुमारे पाच महिने शेतात राहणारे. ताट उंच, म्हणून वाऱ्याने लोळते, उतारा कमी. दाणा मात्र बारीक, शिजल्यावर मऊ, आणि वास असा की शेजारच्या घरी पाहुणे आले आहेत हे न सांगता कळावे. ज्या शेतकऱ्यास वजनावर पैसे मिळतात त्याने अधिक उताऱ्याचे वाण लावले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? बांध्यांमागून बांध्या चिन्नोर सोडीत गेल्या. 2021 मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपणा सर्वांस अभिमान वाटला.

मानांकन नावाचे रक्षण करते. पोत्यात काय भरले आहे ते पाहण्याचे काम व्यापाऱ्याचे. आम्ही स्वतः चिन्नोर म्हणून घेतलेला तांदूळ घरी शिजविला, आणि वास आला तो पहिल्या वाफेपुरता. दाणा बारीक होता, एवढेच. कोणाच्या दुकानी हे झाले ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांबरोबर प्रतिरूपक व्यवहारही गणलेला आहे, अस्सल म्हणून नक्कल देणे. आणि हा अतिचार जंगलातील दरोडेखोरासाठी सांगितलेला नसून गादीवर बसणाऱ्या गृहस्थासाठी आहे. शिवाय व्यवहार म्हणून पाहिले तरी, नागपूर-जबलपूरचा ग्राहक एकदा फसला की पुढच्या वर्षी तो भाव देणार नाही, आणि त्याने भाव दिला नाही तर वारासिवनीचा शेतकरी पऱ्हे टाकणार नाही.

गिरणीवाल्या बंधूंशी आम्ही याविषयी बोललो. त्यांची अडचण खरी आहे: भरडाईच्या यंत्रात आधीच्या धानाचे दाणे राहतात, आणि थोड्या चिन्नोरासाठी सारे यंत्र साफ करणे परवडत नाही. यावर एक तोड त्यांनीच सुचविली. हंगामात आठवड्याचा एक दिवस केवळ चिन्नोरच्या भरडाईसाठी ठेवावा, त्या दिवशी सर्वांनी आपला माल आणावा, आणि पोत्यावर गावाचे नाव घालावे. यंत्र साफ करण्याचा खर्च मग सर्वांत वाटला जाईल. चिन्नोर अजून बांधीत उभा आहे. वार ठरविण्यास अवधी आहे.