पॅनहँडल : रेल्वे कामगारांचा एक फुटबॉल संघ

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, हे श्रोते धरूनच चालतात. आम्हीही आजवर तेच बोलत आलो. यंदा खेळाचा विषय घेतला, आणि तोही अमेरिकेतल्या खेळाचा, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "युनियनवाल्यांना फुटबॉल कशाला हवा?" प्रश्न रास्त होता. कामाच्या आठ तासांसाठी आपण भांडतो, परंतु उरलेल्या वेळात कामगार आपल्या हौसेने जे उभे करतो, ते पुढे कोणाच्या मालकीचे होते, हाही कामगारांचाच प्रश्न आहे. तो समजून घेण्यास पॅनहँडल संघाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट असतो. तो बहुतेक वेळ हातात धरून पळायचे असते आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला अंगावर धडकून खाली पाडायचे असते. प्रत्येक बाजूस अकरा गडी. मैदान १०० यार्डांचे. १९१२ पासूनच्या नियमाप्रमाणे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर समोरच्यांकडे जातो. म्हणजे जमीन हात हात करून जिंकण्याचा हा खेळ. आपल्या कबड्डीतली पकड ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना यातील मेहनत वेगळी सांगायला नको. सुरुवातीच्या काळात या खेळात माणसे दगावत. १९०५ मध्ये त्यावरून देशभर ओरड झाली आणि पुढल्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा देऊन गर्दीतली झोंबाझोंबी थोडी कमी करण्यात आली.

हा खेळ वाढला तो कॉलेजांत. कॉलेजचे सामने शनिवारी होत. शनिवारी कामगार कामावर. त्याला मोकळा वार एकच, रविवार. म्हणून ओहायो राज्यातल्या कारखान्यांच्या गावांतून रविवारचा फुटबॉल सुरू झाला. कँटन, मॅसिलन, अ‍ॅक्रन, डेटन ही नावे त्या काळी या खेळात गाजली, आणि ती सारी कारखान्यांची गावे होती.

त्याच राज्याची राजधानी कोलंबस. तेथे पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पॅनहँडल विभागाचा कारखाना होता. पॅनहँडल म्हणजे तव्याचा दांडा. वेस्ट व्हर्जिनिया राज्याची एक चिंचोळी पट्टी उत्तरेकडे दांड्यासारखी वर गेलेली आहे. तिच्यातून हा लोहमार्ग जाई म्हणून त्याला ते नाव पडले, आणि मार्गाचे नाव कामगारांच्या संघाला मिळाले. संघ प्रथम निघाला १९०१ च्या सुमारास. तो मध्यंतरी मोडला. १९०७ मध्ये जो कार नावाच्या माणसाने तो पुन्हा बांधला. कार त्याच कारखान्यात यंत्रकामगार होता आणि वर्तमानपत्रात खेळांच्या बातम्याही लिही. शाळा त्याने फारशी पाहिली नव्हती. आमच्यासारख्याला हे वाचून थोडा धीर येतो, हे कबूल करतो.

या संघाचा कणा म्हणजे नेसर बंधू. जर्मनीहून आलेल्या एका कुटुंबातले हे भाऊ रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरचे काम करीत. जॉन, फिल, टेड, फ्रेड, फ्रँक आणि अ‍ॅल असे सहा भाऊ या संघातून खेळले. बॉयलरचे काम काय असते ते आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. आमच्या ओळखीचे एक जुने बॉयलरवाले होते. रिव्हेट ठोकण्याच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, आणि त्यांच्याशी बोलायचे तर तोंड कानाशी न्यावे लागे. पण मनगट असे की हात हातात घेतला की आम्हीच सोडवून घ्यायचो. नेसर बंधूंचे शरीर व्यायामशाळेत घडलेले नव्हते, ते अशा कामावर घडलेले होते. अ‍ॅल तर अंगावर संरक्षक गाद्याही न बांधता खेळे. फ्रँकच्या लाथेने चेंडू दूरवर जाई म्हणून तो प्रसिद्ध होता. टेड खेळे आणि इतरांना शिकवीही.

सराव कधी करायचा? जेवणाच्या सुट्टीत. घाईघाईने चार घास खायचे आणि उरलेला वेळ रेल्वेच्या आवारात चेंडू घेऊन पळायचे. आपल्याकडच्या गिरण्या-कारखान्यांच्या संघांतून ज्यांनी खेळ केला त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पैशाचे गणितही पाहण्यासारखे आहे. स्वतःचे मैदान भाड्याने घेणे, तिकिटे खपवणे, पाहुण्या संघाला बिदागी देणे, हा खर्च कामगारांच्या संघाला झेपणारा नव्हता. परंतु रेल्वे कामगार म्हणून त्यांच्याकडे एक वस्तू होती : प्रवासाचा मोफत पास. कारने तीच भांडवलासारखी वापरली. संघ घरच्या मैदानावर क्वचित खेळे आणि गावोगाव जाई. सहा भाऊ एका संघात, ही जाहिरात यजमान गावाला पुरेशी असे, आणि गर्दी जमे. शनिवारचे काम संपवून गाडीत बसायचे, रविवारी खेळायचे, रात्री परतायचे आणि सोमवारी पुन्हा कारखान्यात हजर व्हायचे, असा क्रम होता. मिळे ते थोडे. पोट भरे ते बॉयलरवर.

१९२० मध्ये कँटन गावी एका मोटारविक्रेत्याच्या दुकानात निरनिराळ्या संघांचे चालक जमले आणि त्यांनी संघटना काढली. तिला १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले. जगातल्या अत्यंत धनाढ्य क्रीडासंस्थांपैकी आज ही एक आहे. तिच्या दोन सभासद संघांतला पहिला सामना म्हणून सामान्यतः ३ ऑक्टोबर १९२० चा डेटन येथील सामना सांगतात. त्यात डेटनने पॅनहँडलचा १४–० असा पराभव केला. डेटनचा संघही कारखान्यांच्याच आश्रयाने निघालेला होता. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंस कारखान्याशी नाते सांगणारे संघ उभे होते.

पॅनहँडलचा चांगला काळ मात्र तोवर मागे पडला होता. नेसर बंधूंतला थोरला जॉन चाळिशी ओलांडून गेला होता. १९२१ मध्ये टेडचा मुलगा चार्ली संघात आला आणि बाप-लेक एकाच संघातून खेळले. त्या लीगच्या इतिहासात हे एकदाच घडले आहे. कौतुक वाटावे अशीच ही गोष्ट आहे, पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा : संघात नवे रक्त येत होते ते घरातूनच. पैसा मोजणारे संघ कॉलेजातले तयार खेळाडू घेत होते. पॅनहँडलने त्या वर्षी नऊपैकी एक सामना जिंकला, आणि १९२२ मध्ये आठपैकी एकही नाही. तेथे संघाचा शेवट झाला. पुढे टायगर्स या नावाने कोलंबसचा संघ १९२६ पर्यंत चालला, पण तो रेल्वे कामगारांचा नव्हता.

ते १९२२ साल नीट पाहावे. १ जुलै रोजी मजुरीकपातीविरुद्ध अमेरिकेतल्या रेल्वे कारखान्यांतील सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. त्यांत बॉयलरवालेही होते. १ सप्टेंबरला सरकारने न्यायालयातून संपावर कडक मनाई हुकूम मिळवला आणि संपाचा कणा मोडला. त्याच ऑक्टोबरात कोलंबसमध्ये विद्यापीठाच्या संघासाठी सुमारे ६६,००० आसनांचे क्रीडागार खुले झाले. या घटनांपैकी एकीमुळे दुसरी घडली असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच शहराच्या एका वर्षात त्या शेजारी शेजारी बसलेल्या आहेत, हे विसरताही येत नाही.

जो कारचे पुढे काय झाले? १९२१ मध्ये तो संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. त्याने शिस्त आणली. शिक्षण पुरे न झालेल्या विद्यार्थ्यांना खोट्या नावाने खेळवणाऱ्यांना त्याने दंड केला. हे चांगलेच झाले. पण त्याच्याच कारकिर्दीत सर्व खेळाडूंसाठी एकसारखा करारही आला, आणि त्या कराराने खेळाडू आपल्या संघमालकाशी बांधला गेला. मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येईना. कारखान्यात घाम गाळलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे याचे आम्हाला वाईट वाटते, परंतु नवल वाटत नाही. खुर्चीवरून जग वेगळे दिसते. आमच्याच चळवळीत आम्ही ते पाहिले आहे. खेळाडूंनी आपली संघटना स्थापली ती १९५६ मध्ये, आणि करार संपल्यावर मोकळेपणी दुसरीकडे जाण्याचा हक्क त्यांना खऱ्या अर्थाने मिळाला तो १९९३ मध्ये. तोवर संप झाले, खटले झाले.

मग कामगारांच्या आणि गावांच्या संघांचे भवितव्य हेच होते काय? एक अपवाद आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लहान गावात १९१९ मध्ये असाच एक संघ निघाला. मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले म्हणून त्याचे नाव पॅकर्स. तोही बुडायला आला होता. १९२३ मध्ये गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग घेऊन तो आपल्या मालकीचा केला. या भागांवर नफा मिळत नाही. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, आणि संघ त्याच गावात आहे. मोठमोठ्या शहरांतले संघ मालकाच्या मर्जीने गाव बदलतात. याला कोणी हलवू शकत नाही.

पॅनहँडलजवळ जिद्द होती, ताकद होती, प्रवासाचा पासही होता. नव्हती ती फक्त संघाच्या मालकीची व्यवस्था. पास रेल्वेचा, मैदान दुसऱ्याचे, आणि पुढे खेळही दुसऱ्यांचा झाला. आपल्या गावात तालीम आहे, वाचनालय आहे, ही व्याख्यानमाला आहे. ती कोणाच्या तरी हौसेवर चालली आहेत हे ठीकच. पण त्यांच्या जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, हे घरी जाण्यापूर्वी एकदा चौकशी करून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.