गाडी बंद कधी पडते?

अम्मींना दवाखान्यात नेताना आमची सतरा वर्षांची पेट्रोल गाडी ऐन चौकात बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट, अम्मींच्या ओठांवर दुआ! मेकॅनिक म्हणाला, "फ्युएल पंप बदला, सहा हजार." गाडीची किंमतच मुळी चाळीस हजार. म्हणून आधी आठ दिवस, ती कधी बंद पडते, हे वहीत लिहिले.

दुखणे ओळखायची हीच पहिली पायरी. सिग्नलला बंद पडते, पण रेस दिली की चालते, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि हवेचे फाटके पाइप तपासावेत. चढावर दम टाकत असेल, तर पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असू शकतो. खड्ड्यात आदळताच बंद पडली, तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर हलवून पाहावी. तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, तर क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा फ्युएल पंपावर संशय घ्यावा.

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. अशा वेळी घाबरू नये. ब्रेक जोराने दाबावा, गाडी कडेला घ्यावी.

आमच्या वहीत प्रत्येक नोंद सिग्नलची होती. थ्रॉटल बॉडी साफ केली, चारशे रुपयांत काम झाले. अलहम्दुलिल्लाह!

ती वही जपून ठेवली आहे. गाडी विकताना घेणाऱ्याच्या हाती देऊ. ऐब लपवून आलेल्या पैशात बरकत नसते.