ओरडू नका, पोच मागा

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान देशाचं परराष्ट्र धोरण ठरतं. साडेसातनंतर लोकल गाठायची असते म्हणून देश तिथेच सोडावा लागतो, तो रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा हातात घेतात. कोणत्या मंत्र्याने काय करायला हवं होतं, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तोंडपाठ आहे. याच काकांच्या खात्यातून एक अ‍ॅप दरमहा ४९९ रुपये कापू लागलं, तेव्हा मात्र ते म्हणाले, "जाऊ द्या हो, कुठे डोकं लावत बसायचं?"

काकांना दोष देऊन उपयोग नाही. नोकरीची सगळी वर्षं मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या काऊंटरच्या आतल्या बाजूला बसून काढली, त्यामुळे चिडलेला माणूस मला जवळून माहीत आहे. चिडून आलेले बहुतेक जण ओरडायचे. पासबुकात नोंद चुकली, पेन्शन जमा झाली नाही, ड्राफ्टला उशीर झाला, की आवाज चढायचा, रांगेतले चार जण माना डोलवायचे, आम्ही "बघतो, बघतो" म्हणायचो. पाच मिनिटांनी गृहस्थ निघून जायचे, मोकळे होऊन. काम तिथंच राहायचं.

क्वचित एखादी वेगळी व्यक्ती यायची. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका येत. आवाज इतका हळू की काचेला कान लावावा लागे. त्या पर्समधून फुलस्केपच्या दोन प्रती काढायच्या, एक आत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "याची आवक नोंद करा आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही द्या." एवढंच. पण त्या एका वाक्यावर मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर यायचे, त्यांना खुर्ची द्यायला सांगायचे. कारण तोंडी तक्रार हवेत विरते. कागदाला आवक क्रमांक पडला की तो रजिस्टरात बसतो आणि इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी ते रजिस्टर उघडून विचारतो, याचं उत्तर कुठे आहे?

आता काऊंटरच उरलेलं नाही, हा खरा फरक. जिथे शिक्का मारायचा ती खिडकी कंपन्यांनी बंद केली आणि तिच्या जागी एक गोड आवाज ठेवला. मराठीसाठी अमुक दाबा म्हणतो, आपण दाबतो, आणि पलीकडून हिंदीत नमस्कार येतो. पलीकडच्या मुलीच्या हातात काही नसतं. तिला समोरच्या पडद्यावरची वाक्यं वाचायची असतात आणि कॉल लवकर संपवायचा असतो. आपण तिच्यावर तोंडसुख घेतो. ती सापडली नाही तर दारात पार्सल घेऊन उभ्या राहिलेल्या पोरावर घेतो, ज्याचा त्या वस्तूशी पत्ता आणि पिनकोडपुरताच संबंध असतो. ज्याने ही सगळी रचना केली तो आपल्याला कधी दिसतच नाही.

आणि ही रचना केलेली आहे, यात मला शंका नाही. पुष्कळ लोकांना वाटतं की आपल्यालाच मोबाईल जमत नाही, आपलं वय झालं. आमच्या घरी ह्यांना तसंच वाटत होतं. ह्यांनी एक व्यायामाचं अ‍ॅप 'सात दिवस मोफत' म्हणून घेतलं. सुरू करायला एक हिरवं बटण. बंद करायला बसलो तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. आधी 'प्रोफाइल', त्यात 'सेटिंग्ज', त्यात 'मेंबरशिप', तिथे सगळ्यात खाली फिकट राखाडी अक्षरांत 'प्लॅन व्यवस्थापित करा'. ते दाबल्यावर एक रडका चेहरा आला आणि 'तुम्हाला खरंच तब्येतीची काळजी नाही का?' असा प्रश्न. त्याखाली ठसठशीत बटण 'काळजी आहे' आणि त्याखाली जेमतेम दिसेल असं 'नाही, मला जायचंय'. मग कारण विचारलं, मग निम्म्या किमतीत राहा म्हणाले. पाहुणा निघाला की त्याच्या चपला लपवून ठेवणारी माणसं असतात, त्यातलाच प्रकार. पण पाहुण्याकडून कुणी महिन्याचं भाडं घेत नाही.

या युक्त्यांची कायद्याला माहिती आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा १३ प्रकारांवर बंदी घातली. त्या यादीत आमचा रडका चेहरा आहे, कारण ग्राहकाला लाज वाटेल असे शब्द वापरून त्याला अडवणं हा त्यातला एक प्रकार. वर्गणीत अडकवून बाहेरची वाट लपवणं आहे. न मागितलेली वस्तू किंवा विमा टोपलीत टाकणं आहे. 'फक्त दोनच उरलेत' अशी खोटी घाई आहे. आणि किंमत आधी कमी दाखवून शेवटच्या पायरीपर्यंत थेंबाथेंबाने वाढवणंही आहे.

हा शेवटचा प्रकार आमच्याकडे जुलैत भर पावसात अनुभवावा. भाजी १८० रुपयांची. पैसे भरायच्या पडद्यावर जावं तर हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, सामान थोडं म्हणून शुल्क, आणि पाऊस पडतोय म्हणून शुल्क. पावसात भिजणाऱ्या मुलाला त्यातलं किती मिळतं, हे बिलावर लिहिलेलं नसतं. जास्त पैसे घ्यायला माझी हरकत नाही. पहिल्याच पडद्यावर सांगा आणि घ्या.

ह्यांच्या व्यायामाचा शेवट सोपा निघाला. अ‍ॅपच्या पायऱ्या उतरत बसण्याऐवजी यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग उघडला. आपण कुणाकुणाला दरमहा पैसे कापायची परवानगी दिली आहे, त्याची यादी तिथे असते. परवानगी रद्द केली, संपलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तीच यादी उघडून दाखवली, तर तिथे ४९९ च्या सोबत आणखी एक महाशय निघाले, ज्यांचा काकांना पत्ताच नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी ठरावीक रक्कम कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते; ऑक्टोबर २०२१ पासून हे लागू आहे. सूचना येतेही. पण मतदानाचं आवाहन, साड्यांचा सेल आणि कर्जाची ऑफर यांच्या गर्दीत ती वाचतो कोण?

आता पोचेबद्दल. खिडकी बंद झाली तरी शिक्का मिळवता येतो. ई-कॉमर्ससाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये जे नियम केले, त्यांत कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायला हवा असं म्हटलं आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. हे नाव सहसा पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत असतं. पण असतं.

शेजारच्या वहिनींच्या मिक्सरचं घ्या. ऑनलाइन घेतलेला, भांडं तळातून गळायला लागलं. सर्व्हिसिंगवाला म्हणाला, भांडं वॉरंटीत बसत नाही. वहिनींनी फोनवर दोन दिवस आवाज चढवला, कस्टमर केअरच्या मुलीला रडवलं असावं, फळ काही नाही. मग मी त्यांना ईमेल लिहायला बसवलं. त्यांनी सुरुवात केली, 'तुमच्यासारखी फसवी कंपनी...' ते खोडलं. ऑर्डरचा क्रमांक, तारीख, किंमत, दोष काय, कधी कळवलं, आणि वॉरंटी कार्डावर 'भांडं वगळून' असं कुठे लिहिलं आहे ते दाखवा, एवढंच ठेवलं. सोबत दोन फोटो आणि बिल. शेवटी 'या तक्रारीचा क्रमांक कळवावा'. क्रमांक दुसऱ्या दिवशी आला. भांडं दोन आठवड्यांनी. वहिनींना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, भांडायचं राहूनच गेलं म्हणून.

उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे विषय नेतात. निकाल देत नाहीत. निकाल हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: कंपनी कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत. कागदावर निकाल तीन महिन्यांत. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे मी गोड करून सांगणार नाही. हजार रुपयांच्या भांड्यासाठी तिथे जायचं का, हे ज्याने त्याने आपल्या चिकाटीकडे बघून ठरवावं.

बँकेचं मात्र वेगळं, आणि इथे घड्याळ चालू असतं. खात्यातून आपल्या नकळत पैसे गेले, चूक आपली नाही आणि बँकेचीही नाही, असं असेल तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास आपल्यावर तोशीस नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये हे परिपत्रक काढलं. ओटीपी आपणच सांगून बसलो असू, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आधी फोन, मग बँकेत. रडारड त्यानंतर. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. पण आधी बँकेला लिहिल्याचा पुरावा लागतो. पुन्हा तीच पोच.

कुटुंबात याचा एक निराळाच गुंता झालेला दिसतो. आमच्या वयाच्या कितीतरी जोडप्यांच्या गॅसपासून विम्यापर्यंत सगळ्याला मुलाचा मोबाईल नंबर आहे, कारण 'आई, तुला जमणार नाही'. मुलगा पुण्यात किंवा ह्यूस्टनमध्ये. सिलिंडरवाला दारात उभा राहून ओटीपी मागतो तेव्हा मुलगा मीटिंगमध्ये नाहीतर झोपेत. मग आई त्या सिलिंडरवाल्यावर चिडते, मुलगा रात्री आईवर, बाप दोघांवर. नंबर बदलायला एक फॉर्म लागतो. तो भरला जात नाही, कारण त्यात 'आता माझं मी बघेन' असं म्हटल्यासारखं वाटतं आणि मुलाला वाईट वाटेल अशी भीती असते. मुलाला बहुधा हायसं वाटेल.

माझ्या मुलाला माझी वेगळीच लाज वाटते. हॉटेलात बिलावर सेवा शुल्क लावलेलं दिसलं की मी ते काढायला सांगते. "आई, जाऊ दे ना, लोक बघतायत." बघू देत. बिलात ते आपोआप लावायचं नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. वेटरच्या हातात मी वेगळे पैसे देते, ते मला आवडतं. सूनबाई माझ्या बाजूने असते, पण ती गप्प बसून मेनूकार्ड वाचते.

माझ्या आईला असली लाज नव्हती. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा लाटणे मोर्चा निघाला, त्यात आई स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन गेली होती. दोनतीन वर्षांत बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने पुण्यात आणि मग मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारणी एकत्र येऊन महिन्याची यादी करायच्या, घाऊक माल यायचा, कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत वाटप व्हायचं. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला. म्हणजे गृहिणी आधी, कायदा मागाहून. आज आम्ही शेजारणी एकाच मजल्यावर राहतो, प्रत्येकीच्या हातात वेगळं अ‍ॅप, आणि एकाच वस्तूला कुणाला काय भाव दिसतो ते एकमेकींना माहीत नाही.

राजकारणातही खिडकीच नव्हती, हे लोक लवकर विसरतात. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचएक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. मुंबईत मार्च २०२२ पासून तेच. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. इतकी वर्षं नगरसेवक नाही, आणि त्यावर ग्रुपवर जेवढे संदेश आले त्याहून जास्त एका क्रिकेटपटूच्या लग्नावर आले.

सरकारी कामाला पोच मिळायची सोयही कायद्यातच आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत, अर्जाला क्रमांक, आणि मुदत टळली तर आधी पहिलं अपील, मग दुसरं. माझी नणंद दुसऱ्या एका शहरात राहते. भाऊजी गेल्यावर घरपट्टीला तिचं नाव लागावं म्हणून ती महिनोन्‌महिने खेपा घालत होती. दर वेळी "पुढच्या आठवड्यात या". मी तिच्याबरोबर गेले. अर्ज दोन प्रतींत. "पोच द्या आणि मुदतीची तारीख लिहा," असं म्हटल्यावर खिडकीतल्या बाबूंनी आमच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला. शिक्का सापडला, पण शाईचा पॅड खडखडीत वाळलेला. त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि शिक्का उठवला. नणंदेने घरी आल्याबरोबर त्या कागदाची झेरॉक्स काढून आणली आणि मूळ प्रत देवघराच्या खणात ठेवली. मी तिला म्हटलं, तिथे नको, अपिलाला लागेल तेव्हा सापडायची नाही. फायलीत लाव.