क्लॅरिनेटवाल्याचे अर्थकारण

लग्नसराईत सुपाऱ्यांवर सुपाऱ्या, चातुर्मासात मुहूर्तच नाहीत. मधे गणपतीच्या मिरवणुकांचा काय तो आधार. म्हणून स्वतंत्र वादक शिकवण्या धरतो. फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावी, आणि सुपारीचा इसार हाती पडल्याशिवाय तारीख अडवू नये.

पट्टी : नेहमीचे क्लॅरिनेट ‘बी फ्लॅट’चे, म्हणजे त्याचा ‘सी’ काळी पाचमध्ये वाजतो. गायकाने ‘काळी एक’ म्हटले की वादकाने काळी दोनची बोटे धरायची, तीही ऐन मंचावर.

शिकवताना अडते ते इथे : बासरीत फुंकर बदलली की बहुतेक त्याच बोटांनी वरचे सप्तक बोलते. क्लॅरिनेटची मागची रजिस्टर चावी दाबली तर ‘सा’वरून तार ‘सा’ नव्हे, थेट तार ‘प’ निघतो. बोटे जणू दोनदा शिकायची! बासरी शिकून आलेली मुले इथेच वैतागतात. शिवाय दुधाचे पुढचे दात पडून पक्के येईपर्यंत थांबलेले बरे.

रीड : बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी. नवशिक्याला दीड-दोन नंबरची. आलटूनपालटून तीन-चार वापराव्यात. टोक चिरले की संपली, नवी घ्या.

वाद्य : आफ्रिकन ब्लॅकवुडचे लाकूड हवामान बदलताच तडकू शकते. वरातीला प्लॅस्टिकचेच न्यावे.

परीक्षा : ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या आठ ग्रेड. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, रियाजाचा नव्हे.