साहित्य-पुरस्कार व राष्ट्रीयत्वाची अट

साहित्य-पुरस्कारास पात्र ठरण्यासाठी लेखक विशिष्ट देशाचा नागरिक असावा, असा नियम. भाषा, वास्तव्य व प्रकाशनस्थळ या कसोट्यांहून ही अट भिन्न आहे. त्यांची गल्लत झाल्याने यासंबंधीचे वाद पुष्कळदा संदिग्ध राहतात.

आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात (१८९५) उमेदवाराचे राष्ट्रीयत्व विचारात घेऊ नये, असे नमूद आहे. याउलट साहित्य अकादेमीचे पुरस्कार (प्रारंभ १९५५) व ज्ञानपीठ पुरस्कार (प्रारंभ १९६५) भारतीय नागरिकांपुरते मर्यादित आहेत. नागरिकत्व अधिनियम, १९५५ अन्वये स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. परदेशस्थ भारतीय नागरिक ही नोंदणीही पूर्ण नागरिकत्व देत नाही. त्यामुळे शिरूर वा दौंड येथे जन्मलेल्या मराठी लेखकाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यास, तो मराठीतच लिहीत असला, तरी अपात्र ठरतो. केवळ परदेशातील वास्तव्य मात्र आड येत नाही. न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ वास्तव्य असलेले अमिताव घोष यांना २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

सार्वजनिक निधीतून दिलेल्या पुरस्काराने देशातील भाषांना उत्तेजन द्यावे आणि बलाढ्य देशांच्या प्रकाशनव्यवसायापुढे लहान साहित्यांस संरक्षण मिळावे, असे अटीचे समर्थक म्हणतात. ब्रिटनमधील बुकर पारितोषिक प्रारंभी (१९६९) मुख्यतः राष्ट्रकुल व आयर्लंडमधील लेखकांपुरते होते. २०१४ पासून ते इंग्रजीत लिहिणाऱ्या सर्व राष्ट्रांतील लेखकांना खुले झाले. २०१६ व २०१७ मध्ये ते अमेरिकन लेखकांना मिळाल्यावर, २०१८ मध्ये काही प्रकाशकांनी हा बदल मागे घेण्याची मागणी केली. विरोधकांच्या मते, साहित्यकृती भाषेची असते आणि पारपत्र बदलल्याने तिचे मूल्य बदलत नाही. अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिकाच्या नियमांत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या बदलाने नागरिकांखेरीज तेथील कायम रहिवाशांनाही साहित्यविभागांत वाव मिळाला.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र फाउंडेशनतर्फे १९९४ पासून मराठी लेखकांना साहित्य-पुरस्कार दिले जात आहेत. परदेशस्थ मराठी समाज या साहित्याचा आश्रयदाता ठरत असता, त्यातीलच परकीय नागरिक झालेला लेखक मात्र राष्ट्रीय पुरस्कारांच्या कक्षेबाहेर राहतो. पुरस्काराचा हेतू राष्ट्राचा गौरव की भाषेचा, हे आधी निश्चित केल्यासच पात्रतेचा नियम सुसंगत ठरतो.